टकटकीला किती

बाबांनी कलिंगडावर बोटाने टकटक केली की गिऱ्हाइकं श्वास रोखायची. बाबांनी मान डोलावली की फळ लालबुंद निघायचं. मग त्यांच्यापुढे बोलायची कोणाची टाप?

पण या महिन्यात हॉटेलच्या आचाऱ्याला दोन फळं पांढरीफटक निघाली. तिसरं निघालं तर दुसरं दुकान बघेन, असं त्याने बाबांच्या थोरल्या लेकीला हसत हसत बजावलं.

थोरलीने धाकट्या बहिणीला गाठलं. ती कॉलेजात यंत्रांना शिकवायचं शिकत होती. तिने कपाटाच्या दारावर आतून खडूने लिहिलं :

टकटक ९
पिवळा डाग १
वाळका देठ १
चकाकी १

कोणत्या खुणेचं किती ऐकायचं त्याचे हे आकडे. यंत्राच्या पोटात असे लाखो असतात म्हणे, सुरुवातीला मनाला येतील ते. खूण दिसली की तिचा आकडा धरायचा, बेरीज करायची, मोठी आली तर फळ पिकलं समजायचं, मग कापून बघायचं. जिने फसवलं ती खूण थोडी खाली, जी खरी ठरली ती थोडी वर.

"थोडीच का? फसवलं तर थेट शून्य."

"मग तायडे, एका नासक्या फळापायी सगळं शहाणपण वाहून जाईल."

दुपारी बाबा डुलकी काढत, या दोघी कलिंगडं कापत. घर आठवडाभर कलिंगडावरच जगलं.

टकटक ८. टकटक ७.
चकाकी ०. चकाकी उणे १.

(उणे? उणे. चकाकणारं कच्चंच निघे.)

शनिवारी :

टकटक ५
डाग ६
देठ ३
चकाकी उणे ४

आणि आचारी दारात.

बाबांनी टकटक करून एक उचललं. चकचकीत, ना डाग, ना वाळका देठ. पाचातून चार गेले, उरला एक. शेजारच्यावर बाबांनी नाक मुरडलं होतं. पण त्यावर पिवळा डाग, देठही वाळका. बेरीज नऊ.  बाबांकडे न बघता थोरलीने शेजारचं कापलं.

लालबुंद. आचारी डझनभर सांगून गेला.

बाबांनी आपलं कापलं. पांढरं. मग सरळ कपाट उघडून खडू घेतला. त्यांना सगळं ठाऊक होतं. डुलकी काढणाऱ्याचे डोळे मिटलेले असतात, एवढंच.

"कान दगा देतोय गं, वर्ष झालं," म्हणत ते पाच पुसून शून्य काढायला लागले.

थोरलीने त्यांचा हात धरला.

"एकदम नाही, बाबा. थोडं थोडं."

बाबांनी चार लिहिला. जरा ऐटीतच.