बंदीची पाटी

मी एक जुनी पाटी आहे. किनाबालू डोंगराच्या पायथ्याशी, दुसुन लोकांच्या एका गावाच्या ओढ्यावर, खांबाला ठोकलेली. माझ्यावर लाल रंगात लिहिलंय, ‘इथून काहीही नेऊ नये.’ हसू नका मित्रांनो, आधी मलाच इथून नेलं आणि मग माझ्यावर हे लिहिलं.

तेव्हा मी झाड होते, याच काठावरचं. माझी सावली अख्ख्या ओढ्यावर पडायची. भर दुपारी पाण्यात पाय घातला तरी शहारा यायचा. माझी पानं पाण्यात पडून कुजायची. ती खाऊन झिंगे जगायचे, खेकड्याची पिल्लं जगायची, वाळूच्या कणांचं घर करून राहणाऱ्या बारक्या अळ्या जगायच्या. त्यांना मासे खायचे आणि माशांना माणसं. माझं कौतुक कुणी केलं नाही, पण माझं काही अडलंही नाही.

मग ओढ्याला बंदी लागली. तीन वर्षं मासे धरायचे नाहीत, नंतर एके दिवशी सगळ्या गावाने मिळून जाळी टाकायची, अशी इथली रीत. बंदी मोडली की गाव तापतं, म्हणजे गावावर संकट येतं म्हणतात, आणि ते थंड करायला मोडणाऱ्याने डुक्कर द्यायचं. रीत चांगलीच आहे. पण मुखिया गिम्बादला चोरांची धास्ती. पहाऱ्याच्या जागेवरून पाणी दिसत नाही, म्हणून त्याने काठची झाडंच पाडायला काढली.

सुम्पिंग आडवी आली. ही विधवा म्हातारी, जन्मभर टोपलीने झिंगे धरलेली. सारा गाव तिला ओडू, म्हणजे आजी, म्हणायचा.

“अरे गिम्बाद, सावली गेली की पाण्यातली बारकी जनावरं मरतील. मग मासे काय तुझं तोंड बघून जगतील?”

“ओडू, मासे पाण्यात राहतात, झाडावर नाही!” सगळे खो खो हसले. “आणि बंदी पाण्याला आहे, काठाला नाही.”

करवत माझ्यातून गेली तेव्हाही ते हसतच होते. माझ्या फळ्यांचं पहारेकऱ्याला खोपट झालं आणि उरल्या तुकड्याची मी.

पहिल्या वर्षी काय माझी वाहवा! दगडांवर हिरवं शेवाळ चढलं, गोगलगायी बोकाळल्या. “बघा, ओढा कसा भरलाय,” असं गिम्बाद पाहुण्यांना माझ्याशेजारी उभं करून सांगायचा. दुसऱ्या वर्षी पाणी कोमट लागू लागलं. पानं नाहीत, तर पानं खाणारेही नाहीत. झिंगे संपले. अळ्यांची रिकामी घरं वाळूत पडून राहिली. मी उन्हात तडकत सगळं बघत होते. मला तोंड नव्हतं, होतं ते एकच वाक्य, तेही गिम्बादचं.

तिसऱ्या वर्षी सुम्पिंगने ओढ्यातला एक दगड उचलला आणि थेट मुखियाच्या दारात नेऊन उलटा ठेवला.

“याखाली जीव नुसते वळवळायचे. आज एक तरी शोधून दाखव.”

गिम्बादने दगडाकडे पाहिलंच नाही. “बंदीतून आणलास?”

“मग काय आभाळातून?”

“पाटीवर काय लिहिलंय, ओडू? काहीही नेऊ नये. डुक्कर द्यावं लागेल.”

तिच्याकडे एकच होतं, नातीच्या लग्नासाठी वाढवलेलं. “गाव थंड करशील रे,” ती म्हणाली, “पाणी कोण थंड करणार?” आणि तिने दोर त्याच्या हातात दिला. तीन वर्षांत दंड झाला तो तिला एकटीला, आणि तोही माझ्या शब्दावर. त्याची मला आजही लाज वाटते.

ओढा उघडायच्या दिवशी घंटा वाजल्या, तांदळाची दारू फिरली, जाळी पडली. वर आलं ते शेवाळ, आणि त्यात बोटाएवढे, हडकुळे चार-दोन मासे. कुणी कुणाकडे बघेना. पोरं भुकेने किरकिरायला लागली. शेवटी सुम्पिंगचं डुक्कर कापलं आणि त्यावर गाव जेवलं. गिम्बादने केळीच्या पानावर तिचाही वाटा आणला.

“खा, ओडू.”

“मासा कुठाय रे?” एवढंच तिने विचारलं आणि पान तसंच ठेवून ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी गिम्बादने माझ्यावर नवा रंग चढवला आणि बंदी आणखी तीन वर्षं वाढवली. सुम्पिंग माझ्या जुन्या बुंध्याजवळ रोप लावते. पहारेकरी ते उपटतो, कारण त्याला पाणी दिसत नाही. ती पुन्हा लावते. मित्रांनो, तुमच्या गावच्या ओढ्याकाठी एखादं झाड उभं असेल, तर कृपा करा, त्याची पाटी होऊ देऊ नका.