रणकेतूची छाती

"आता ह्याला मारून तरी टाका एकदाचा," म्हणत धुळाप्पानं अंक बाकावर आपटला. ज्ञानूच्या सलूनमध्ये तेव्हा पाच-सहा जण नंबर लावून बसले होते, पण रणकेतूची दया कुणालाच आली नाही.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी साखर पेठेतल्या एका छापखान्यातून रणकेतूचा नवा चित्र-अंक निघायचा आणि तो ज्ञानूच्या दुकानात मोठ्यानं वाचला जायचा. वाचायचा मान धुळाप्पाचा. कचेरीत कारकून असल्यामुळे आपलं मत हेच जगाचं मत अशी त्याची खात्री होती. अकरा वर्षं रणकेतूनं एका हातानं आगगाडी थोपवली, फुटलेल्या तलावाला पाठ लावली, होटगीच्या माळावर उतरलेल्या राक्षसाला लोळवलं, आणि हीच माणसं तोंडात बोट घालून ऐकत होती. गेल्या वर्षभरात मात्र वारं फिरलं होतं. दंडाच्या नुसत्या काटक्या झाल्यात, एक म्हणाला. चित्रकार पिऊन बसत असणार, दुसऱ्यानं निकाल दिला. मागच्या अंकात रणकेतू बैलगाडी उचलून मध्येच दम खायला थांबला होता, ते तर कुणालाच सहन झालं नव्हतं. गंमत म्हणजे ज्यांनी जन्मात एक अंक विकत घेतला नाही, तेच सगळ्यात जास्त चिडले होते.

कोपऱ्यात सिद्राम गप्प बसला होता. गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात त्याची हयात गेली होती. खात्यातली कापसाची पांढरी भुकटी घरी येईपर्यंत त्याच्या भुवयांवर बसलेली असे. दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं, पण रणकेतू म्हणजे सिद्रामच होता.

त्याचं असं झालं होतं. रणकेतू काढणारे भीमाशंकरआण्णा मूळचे चादरींचे नक्षीवाले. चौकोनी आखलेल्या कागदावर एकेक चौकोन भरत मोर आणि कमळं काढायची, हा त्यांचा पिढीजात धंदा. वस्तू समोर ठेवल्याशिवाय चौकोन भरायचा नाही, ही वडिलांची शिस्त. मोर काढताना ते खरं पीस समोर ठेवत, कमळाच्या दिवसांत कमळ आणवत. छापखान्यानं महाबली माणूस काढायला सांगितला तेव्हा ते सरळ तालमीत गेले आणि सिद्रामला घेऊन आले. त्या वेळी सिद्रामची छाती बघून समोरचा पैलवान आधीच निम्मा हरायचा. तेव्हापासून महिन्यातून एकदा, पाळी सुटल्यावर, तो आण्णांच्या ओसरीत खांद्यावर लाल चादर बांधून, हनुवटी वर करून उभा राहायचा. अट एकच होती, कुणाला सांगायचं नाही. हाडामांसाचा माणूस कळला की लोकांचा विश्वास उडतो, असं आण्णांचं म्हणणं. सिद्रामनं बायकोशिवाय कुणाजवळ तोंड उघडलं नाही. पण दर महिन्याला तो ह्या कोपऱ्यात येऊन बसायचा तो एकाच आशेनं, की कुणीतरी चित्रावरून नजर उचलून आपल्याकडे बघेल आणि चमकेल. अकरा वर्षांत कुणी चमकलं नव्हतं.

त्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"दमला आसंल की गडी," तो म्हणाला. "आख्ख्या गावाचं वझं उचललंय त्यानं. म्हणून काय मारायचं व्हय त्याला?"

धुळाप्पा वळला. त्यानं सिद्रामकडे बघितलं, अंकाकडे बघितलं, आणि अंक उचलून सिद्रामच्या तोंडाशेजारी धरला.

"आरं, बघा तरी," तो म्हणाला. "ह्यो आपल्या सिद्राममामावानीच दिसाय लागलाय की. तीच बसकी छाती. आता खोकला तेवढा राह्यलाय."

सलून खदखदून हसलं. ज्ञानूला वस्तरा बाजूला ठेवावा लागला. सिद्रामही हसल्यासारखं करायला गेला, पण खोकल्याची उबळ आली आणि सगळे आणखीच हसले.

उबळ थांबल्यावर त्यानं अंक मागून घेतला आणि पहिल्यांदाच नीट बघितला; एरवी त्याचं लक्ष बघणाऱ्यांच्या तोंडांकडेच असायचं. गळ्याखालचा खळगा, वर आलेली हाडं, चादरीतून निसटता खांदा, सगळं त्याचं होतं. घरच्या आरशात त्याला फक्त तोंड दिसायचं. त्याखाली आपलं काय झालंय, हे त्याला ह्या छापील कागदावर कळलं. ज्या वाक्यासाठी तो अकरा वर्षं ताटकळला होता ते आज कानावर पडलं होतं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला नंबर सोडून तो उठला.

आण्णा ओसरीतच होते. सिद्रामनं अंक त्यांच्या पुढ्यात टाकला आणि हे तुम्हाला दिसत होतं का, एवढंच विचारलं.

आण्णांनी चष्मा काढला. "दिसलं तसं काढलं. मला दुसरं येत न्हाय, सिद्रामा."

"मग मला सांगायचं हुतं की. लोक शिव्या देत्यात त्या मलाच, एवढं तरी मला ठावं पायजे हुतं."

"दवाखान्यात जा म्हणून किती डाव सांगितलं तुला? तू दम रोखून उभा राहायचास. आणि हे सांगितलं आसतं, तर यायचाच बंद झाला आसतास."

मग आण्णांनी उरलेलंही सांगून टाकलं. तालमीतला दुसरा गडी आणा, नाहीतर रणकेतू बंद करतो, असं छापखान्याचे मालक दिवाळीपासून म्हणत होते. आण्णांनीच आजचं उद्यावर ढकललं होतं. परवा मालकांनी तोडगा काढला होता. एक शेवटचा अंक सिद्रामला उभं करून काढायचा आणि त्यात रणकेतूला लढता लढता मरण द्यायचं. वाचकांनाही तेच हवंय, असं मालकांचं मत.

सिद्रामला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. खुंटीवरची लाल चादर त्यानं काढली, झटकली आणि नीट घडी घातली.

"माझ्यापायी त्याला मारू नका, आण्णा," तो म्हणाला. "दुसरा गडी आणा. गाठ डाव्या खांद्यावर घट बांधाय सांगा त्याला. सैल राह्यली की चादर घसरती."

नंतरच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो पुन्हा ज्ञानूकडे गेला. जावंसं वाटत नव्हतं, पण न जाणं त्याला जमलं नाही. धुळाप्पा रंगात आला होता. रणकेतूनं ह्या खेपेला चालत्या मालगाडीचे दोन डबे उचलले होते आणि त्याची छाती पानात मावत नव्हती. ह्याला म्हणतात मर्द, धुळाप्पा म्हणाला. तो आधीचा पेताड चित्रकार हाकलला वाटतं, कुणीतरी पुस्ती जोडली, आणि ते सगळ्यांना पटलं.

"मामा, बरा झाला बघा तुमचा रणकेतू," धुळाप्पा म्हणाला.

"व्हय," सिद्राम म्हणाला. "बरं झालं." गाठ डाव्या खांद्यावर घट्ट होती, हे त्यानं लांबूनच बघून घेतलं होतं.

त्याचा नंबर आला. तो खुर्चीत बसला. ज्ञानूनं कापड झटकून त्याच्या खांद्यांवर टाकलं आणि मानेमागे गाठ मारली. गाठ बसताच सिद्रामची हनुवटी सवयीनं वर गेली, खांदे मागे झाले, आणि खोकला येऊ नये म्हणून त्यानं दम रोखून धरला.

"मामा, मान सैल सोडा की," ज्ञानू म्हणाला.

सिद्राम आरशात बघत तसाच बसून राहिला.