राजाच्या उजव्या हाताला

तंजावरातली तुळजारामरावांची खाणावळ वडिलांच्या वेळेपासून चालत आलेली. पण ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास गावात केबल टीव्ही आला, लोक भूक नसतानाही सहकुटुंब बाहेर जेवायला निघू लागले, आणि तुळजारामरावांनी मागच्या तांदळाच्या कोठीचा ए.सी. हॉल केला. त्याच्या भिंतीसाठी त्यांनी चंद्रमतीला बोलावलं. ती सोन्याचा वर्ख लावून देवांची चित्रं करायची. तिच्या बाळकृष्णाचे गाल शेजारच्या पापनाशम गावापर्यंत नावाजलेले होते.

"राजाचं जेवण काढा, अक्का," ते म्हणाले. "आपली मराठी मंडळी इथं कशी जेवत होती ते गिऱ्हाइकाला दिसू दे."

चंद्रमतीनं मन लावून आराखडा केला. मधोमध राजा, दोन्ही बाजूंना मानकरी, पुढ्यात केळीची पानं. तुळजारामरावांना पानं खटकली. पानं पाहून लोकांना सत्रम, म्हणजे धर्मशाळा, आठवेल आणि सत्रमात जेवण फुकट असतं, असं त्यांचं म्हणणं. तिनं टेबल-खुर्च्या काढल्या. मग राजाच्या हाती चमचा आला. मग आमटीभात जाऊन गोबी मंचुरियन आलं, कारण हॉलात खपणार तेच होतं. तिनं ते कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तुळजारामरावांनी बशीभर पाठवलं. तिनं ते रागारागानं खाल्लं. आवडलं, म्हणून आणखी राग आला. मग मुकाट्यानं फ्लॉवरच्या एकेका तुकड्याला वर्ख लावायला बसली.

चित्राची बातमी फुटली तसे निवृत्त तहसीलदार वेंकटराव आले. आपले पूर्वज राजाच्या उजव्या हाताला बसत, असं सांगून चेहऱ्यासाठी वडिलांचा फोटो ठेवून गेले. पाठोपाठ कॉलेजातले प्राध्यापक सेतुमाधव आले. उजवी बाजू त्यांच्या घराण्याची होती. वेंकटरावांचे पूर्वज म्हणे हत्तींचा चारा मोजत. राजा मंचुरियन खातो आहे, याबद्दल दोघांपैकी कुणीच चकार शब्द काढला नाही.

दोघांच्याही घरची लग्नं जवळ आली होती आणि जेवणावळी हॉलातच व्हायच्या होत्या. तुळजारामरावांनी दोघांना उजवीकडे बसवायला सांगितलं.

"राजाला दोन उजव्या बाजू कुठून आणू?" चंद्रमती म्हणाली.

दोन दिवस तिनं कुंचल्याला हात लावला नाही. मग सगळे मानकरी टेबलाच्या अलीकडे आणून पाठमोरे बसवले. चेहरा एकट्या राजाला, तोही बाळकृष्णाच्या गालांचा.

उद्‌घाटनाला वेंकटरावांनी नातवंडांना खांद्यांच्या रुंदीवरून आपला पूर्वज दाखवला. थोड्या वेळानं सेतुमाधवांनी पागोट्याच्या बांधणीवरून त्याच पाठीवर बोट ठेवलं. तुळजारामरावांनी घाईघाईनं सगळ्यांना आइस्क्रीम वाटलं. ते संपेपर्यंत वाद असा मिटला, की दोन्ही घराणी मुळात एकच असावीत. जाताना दोघांनी एकमेकांना लग्नाची आमंत्रणं दिली.

पुढच्या रविवारी चंद्रमती नवऱ्याला, वादिराजांना, घेऊन तिथं जेवायला गेली. वादिराजांनी विचारलं, यातलं खरं कोण कोण आहे? कुणीच नाही, सगळं मनानं काढलंय, असं ती सांगणार होती. तसं तिनं तोंडही उघडलं. पण नजर डावीकडून दुसऱ्या पाठीवर थांबली.

"तो तेवढा आपल्या घरातला असावा," ती म्हणाली.

वादिराजांनी चष्मा पुसून बराच वेळ निरखून पाहिलं.

"कान आपलेच आहेत," ते म्हणाले, आणि त्यांनी वेटरला मंचुरियन सांगितलं.