डाव्या पायाचं काम

तिसऱ्यांदा गचका बसला, तेव्हा मृत्युंजय साहेबांचा चष्मा नाकावरून सुटला आणि थेट माझ्या मांडीवर पडला. मी तो पदरानं पुसून परत दिला. चाचणी घेणारे साहेब, त्यामुळे हसायची सोय नव्हती. आणि खरं तर हसूही येत नव्हतं.

नवी विजेची सिटी बस. आवाज नाही, धूर नाही, क्लचही नाही. आमच्या संगप्पामामांचा डावा पाय मात्र एकोणतीस वर्षं क्लचच दाबत आलेला. वळण दिसलं की तो आपणहून उठायचा आणि शेजारच्या ब्रेकवर पडायचा. गाडी जागच्या जागी गच्च.

दोन दिवसांनी शुक्रवार पेठेतून पहिली नवी गाडी सुटणार होती. चार महिन्यांनी रिटायर होणाऱ्या मामांनीच ती काढावी, असं सगळ्या डेपोचं म्हणणं होतं. त्यांच्या राजाबाईंनी तर इरकली लुगडं काढून ठेवलं होतं. इतक्या वर्षांत त्या नवऱ्याच्या गाडीत कधी बसल्या नव्हत्या. घरचं माणूस मागं असलं की लक्ष जातं, असं मामा सांगायचे. या खेपेला मात्र त्यांनीच बोलावलं होतं.

सोळा वर्षं मी त्यांची कंडक्टर. एवढा हक्क असतोच, म्हणून सुचवलं की डावा पाय उपरण्यानं सीटला बांधून टाका.

"बांदून ठेवायला म्हैस हाय व्हय मी?" मामा म्हणाले.

चौथ्या खेपेला एक सायकलवाला मागून आदळता आदळता वाचला. मामांनी गाडी कडेला घेतली, किल्ली काढली आणि साहेबांच्या हातात दिली.

"दुसऱ्याला द्या, साहेब. पाय माजा हाय, पर ऐकत न्हाय. मागं माणसं असत्यात."

साहेब चांगले. अजून दोन दिवस आहेत, सराव करा म्हणाले. मामांनी नकारार्थी मान हलवली आणि एवढंच मागितलं, की आपली जुनी गाडी भंगारात जाईल तेव्हा ती आपल्यालाच न्यायला द्यावी.

म्हणून त्या दिवशी, नव्या गाडीला हार घातला जात होता तेव्हा, आम्ही जुनी घेऊन निघालो. मीही गेले. ड्युटी नव्हती, पण कंडक्टरशिवाय गाडी सोडायची म्हणजे काय? मामांनी ती आधी आपल्या घरासमोर उभी केली. राजाबाई इरकली नेसून, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन पहिल्या सीटवर बसल्या. मी घंटेची दोरी दोनदा ओढली, गाडी निघाली.

सात रस्त्याला गर्दी, पुढं खड्डे, मध्येच शेळ्यांचा कळप. मामांनी कितीदा गियर बदलले असतील. डावा पाय एकदाही चुकला नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

भंगाराचं फाटक आलं. मी दोरी धरली, पण ओढवेना. मामा आरशातून माझ्याकडे बघत होते.

"वडा की, बाई. घंटा झाल्याबिगर थांबायची सवय न्हाय मला."

मी एकच घंटा दिली. मामांचा डावा पाय क्लचवर गेला आणि गाडी इतकी अलगद थांबली, की राजाबाईंच्या मांडीवरची पिशवीसुद्धा हलली नाही.