प्रूफवाल्यांच्या नावानं

“बाबांना जाऊन सात महिने झाले, आई. आणि आज सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बाबा ऱ्हस्व-दीर्घावर लिहितात?”

मुलीनं मोबाइल मावशींच्या नाकासमोर धरला. मावशींच्या तोंडात चार टाचण्या होत्या आणि मांडीवर कुणाच्या तरी विजारीचा पाय. तोंडात टाचण्या असल्या की उत्तर द्यावं लागत नाही, ही सोय त्यांनी आयुष्यभर वापरली होती.

“टाचण्या काढ आणि बोल.”

मावशींनी एकेक टाचणी उशीत खोचली. “मीच लिहिते,” त्या म्हणाल्या. “त्यांच्या वह्यांत बघून.”

सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची आणि त्यांच्या यजमानांना काका. काका छापखान्यात मुद्रितशोधक होते. चाळीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, आवडलेले शब्द वह्यांत टिपून ठेवले आणि आता निवांत वाचत बसायचं म्हणून निवृत्त झाले, तर काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. माणूस भिंतीकडे तोंड करून बसायला लागला. तेव्हा याच मुलीनं त्यांना मोबाइलवरचा एक गट शोधून दिला होता. जुनी पुस्तकं, इतिहास, शब्दांची कुळकथा, असला सगळा मामला. नऊशे माणसं आणि कुणी कुणाचं तोंड पाहिलेलं नाही. काकांनी नाव घेतलं ‘प्रूफवाले’.

लिहायचं मात्र मावशींनी. काका खुर्चीतून सांगायचे, मावशी शिलाई मशीन थांबवून टाइप करायच्या.

“लिही. ‘हे साफ चूक आहे.’ पूर्णविराम.”

“अहो, जरा गोडीनं सांगा की.”

“चूक गोड होत नसते. लिही.”

गटात ‘कानामात्रा’ नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्याशी तर काकांचा उभा दावा. एका जुन्या लढाईच्या सनावरून दोघं अडीच महिने भांडले. खरी लढाई दोन दिवसांत आटोपली असेल. मावशी वैतागायच्या, “तुमच्या त्या कानामात्रांपायी माझी टीप वाकडी जाते,” म्हणायच्या. पण पुढं पुढं मोबाइल वाजला की आधी त्याच हात पुसून धावायला लागल्या. सहा वर्षं हे असं चाललं.

काका गेले, त्यानंतर आठवड्याभरानं कुणीतरी गटात विचारलं, ‘प्रूफवाले, आहात ना?’ मावशींनी मोबाइल हातात घेतला. खरं लिहायला बोट उठेना. मग त्यांनी लिहिलं, ‘आहे. जरा बरं नव्हतं.’ झालं. एक टाका खोटा पडला की पुढचे त्याच रेषेत पडत जातात.

“लोकांना वाटतंय बाबा जिवंत आहेत,” मुलगी म्हणाली.

“मग काय बिघडलं?” मावशी पटकन बोलून गेल्या. मुलीनं मोबाइल खाली ठेवला.

मग ती हळूच म्हणाली, “मी लिहून देऊ का त्यांना?”

“नको गं. बघते मी.”

त्याच आठवड्यात गटातल्या एका परिचारिकेनं विचारलं, ‘प्रूफवाले, आम्ही दिवसभर म्हणतो, पेशंटच्या जिवावर बेतलं. हे बेतणं आलं कुठून?’

मावशींनी अकराच्या अकरा वह्या चाळल्या. ओळी बोटानं धरून वाचल्या. काकांनी हा शब्द कुठंच टिपला नव्हता. ‘ठाऊक नाही’ लिहून मोकळं होता आलं असतं. पण टेबलावर ब्लाउजचं कापड पसरलं होतं, खडूच्या खुणा झाल्या होत्या आणि हातात कात्री होती. मावशींना हसू आलं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि लिहायला घेतलं.

‘पुस्तकात काय आहे ते मला माहीत नाही. शिवणकामात अंगाच्या मापानं कापड कापायचं, त्याला बेतणं म्हणतात. शिवण उसवता येते, पण बेतलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही. आणि ज्याच्या अंगाला बेतलं, ते त्यालाच घालावं लागतं, दुसऱ्याला होत नाही. जिवावर बेतणं हे त्यातूनच आलं असेल, असा आपला माझा अंदाज.’

तासाभरात साठ जणांनी वाहवा केली. परिचारिकेनं लिहिलं, ‘आज वॉर्डात सगळ्यांना वाचून दाखवलं.’ एकानं लिहिलं, ‘प्रूफवाले, तुमचं आजवरचं सर्वांत सुंदर उत्तर.’

मावशींनी ते वाक्य तीनदा वाचलं. गाल गरम झाले. चौथ्यांदा वाचताना मात्र ध्यानात आलं. काकांच्याच नावावर काकांना कुणीतरी मागं टाकलं होतं, आणि ते त्यांना कळायचंही नव्हतं. ते असते तर नक्की भांडले असते.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांची वेळ व्हायच्या आत त्यांनी एका दमात लिहिलं, ‘प्रूफवाले सात महिन्यांपूर्वी गेले. मी त्यांची बायको. डोळे गेल्यापासून त्यांचं सगळं मीच लिहीत होते. ते गेल्यावर थांबायला हवं होतं, थांबवेना. कालचं उत्तर तेवढं माझं. मी शिवणकाम करते. तुमची फसवणूक झाली, त्याचं दुख आहे. क्षमा करा.’

पाठवलं आणि मोबाइल पालथा घालून त्यांनी मशीन सुरू केलं. विजारीचे दोन्ही पाय झाले, चेन बसली, तरी त्यांनी तो उलटवला नाही. शेवटी मुलीचाच फोन आला.

“आई, वाचलंस का?”

“शिव्या घातल्यात का गं?”

“तू वाच आधी.”

पुष्कळ जणांनी हात जोडले होते. परिचारिकेनं लिहिलं होतं, ‘मावशी, जाऊ नका.’ सगळ्यांच्या खाली कानामात्रा होते.

‘बाई, सहा वर्षांत प्रूफवाल्यांनी माझं म्हणणं एकदाही मान्य केलं नाही. गेल्या सात महिन्यांत तीनदा “तुमचं बरोबर आहे” असं उत्तर आलं. पहिल्याच वेळी मी काय ते समजलो. विचारलं नाही. विचारलं असतं, तर उत्तर ऐकावं लागलं असतं. माझ्याशी एवढं भांडायला दुसरं कुणी नव्हतं.’

आणि त्याखाली वेगळी ओळ : ‘वरच्या मजकुरात “दुख” असं पडलं आहे. विसर्ग हवा. कृपया दुरुस्त करावं.’

मावशींनी पदरानं चष्मा पुसला. दारात कुणीतरी पिशवी घेऊन उभं होतं, “मावशी, हे जरा आत घ्यायचं होतं.”

“बस हं दोन मिनिटं,” मावशी म्हणाल्या. “एवढी चूक दुरुस्त करते.”

विसर्ग कुठल्या बटणाखाली असतो, ते चटकन आठवेना. सापडल्यावर त्यांनी ख च्या अलीकडे तो अलगद दाबला. एकावर एक, दोन टिंबं.