मुंगीची फिरती सीट

मी बोलतेय. दचकू नका. शिलाई मशीनच्या मागे, चिंध्यांच्या गाठोड्याला टेकून पडलेली ही राखाडी वस्तू दिसते ना, तीच मी. मोटारगाडीत लहान मुलाला बसवायची फिरती सीट. माझे पट्टे कापलेले आहेत. बघणाऱ्याला वाटेल, उंदरांनी कुरतडले, नाहीतर कुणी रागाच्या भरात कापले. तसं नाही हो. ज्या हातांनी ते कापले, त्या हातांइतका जीव मला कुणी लावला नाही. सांगते सगळं. आज निवांत आहे, आणि उद्या मी इथे नसेन.

मी एका कारखान्यात जन्मले. साच्यातून निघाले, मग अंगावर कापड चढलं, खांद्याला पट्टे आले. शेवटी एका माणसाने मला चकतीवर बसवलं, डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, मग सरळ केलं आणि कान लावला. माझ्या पोटातून आवाज आला, टक्! तो हसला. जन्मलेलं मूल रडलं की सगळ्यांना हायसं वाटतं ना, तसंच ते.

दुकानात मात्र कुणी माझा आवाज ऐकलाच नाही. लोक यायचे, एक गिरकी द्यायचे, "अरे वा, पाळण्यासारखं फिरतंय!" म्हणायचे आणि पुढे जायचे. मला वाटायचं, मी काय जत्रेतलं चक्र आहे?

मग एक दिवस ती आली. गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती, काढायची विसरली होती. मुलांचे शाळेचे गणवेश शिवायची ती. बरोबर नवरा होता, सासूबाई होत्या आणि सासूबाईंच्या कडेवर मुंगी. मुंगी म्हणजे तिची लेक. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून मुंगी. आता गाल चांगले वर आले होते, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

"अहो, ही बघा ना," ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याने मला एकदा फिरवलं आणि तोंड वाकडं केलं. तो पंखे दुरुस्त करायचा. "अगं, जन्म गेला माझा फिरणाऱ्या वस्तू दुरुस्त करण्यात. जे फिरतं ते कधीतरी सैल होणार. आपल्याला न फिरणारी बघ."

"मी म्हणते, हवीच कशाला ती?" सासूबाई म्हणाल्या. "आजीची मांडी आहे ना! मी काय तिला सोडणार आहे?"

"आई, तुम्ही नाही हो सोडणार," ती हळूच म्हणाली. "पण गाडीला ब्रेक लागल्यावर तुम्ही स्वतःलाच सावरत नाही. परवा तुमचा चष्मा माझ्या मांडीत आला."

दुकानातल्या बाई हसल्या. मग त्यांनी विचारलं, "फिरतीच का हवीय तुम्हाला?"

तिने सांगितलं. गल्ली अरुंद. गाडी भिंतीला चिकटून लावावी लागते, एकाच बाजूचं दार उघडतं. दिवसभर मशीनवर वाकून कंबर धरलेली. त्यात मुंगीला उचलून, आत वाकून, उलटं वळवून बसवायचं म्हणजे कळ थेट पायापर्यंत जाते. "एकदा हातातून सटकता सटकता राहिली. तेव्हापासून छातीत धस्स होतं," ती म्हणाली आणि मुंगीच्या पायाला हात लावून बघितला, तो अजून जागेवर आहे ना, म्हणून!

"मग फिरती तुमच्या कामाची," बाई म्हणाल्या. "पण माझं ऐकून घेऊ नका. गाडीत बसवून बघू, लेकीला तिच्यात बसवून बघू, मग ठरवा."

मला उचलून गाडीपाशी नेलं. मी काही हलकी नाही. नवरा वाटेत दोनदा थांबला आणि म्हणाला, "पंखा बरा!" गाडीच्या मागच्या सीटमधल्या कड्यांत माझे आकडे अडकवले. माझा लोखंडी पाय गाडीच्या तळाला टेकला. बाईंनी मला दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, मी हलले नाही. ती मात्र टेप काढून मोजायलाच लागली. मुंगीच्या खांद्याची उंची, पट्टा निघतो ती जागा, दाराची रुंदी. बाई बघतच राहिल्या.

मग मुंगीला बसवलं आणि बाईंनी पट्टा ओढला.

"अहो, जरा वाढत्या अंगाचा ठेवा ना," ती पटकन म्हणाली.

"फ्रॉक नाही हा," बाई म्हणाल्या. "कपडा वाढत्या अंगाचा. पट्टा आजच्या अंगाचा. चिमटीत पट्ट्याची घडी आली तर अजून सैल आहे असं समजायचं. ती वाढेल तसा तो वाढवायचा." आणि मग बाईंनी माझ्या बाजूची नखाएवढी खिडकी दाखवली. "दाराकडे फिरवायची ती फक्त लेकीला बसवायला आणि उतरवायला. गाडी चालताना लेकीची पाठ रस्त्याकडे, तोंड मागे. सरळ केली की टक् वाजलं पाहिजे आणि ही खिडकी हिरवी दिसली पाहिजे. लाल दिसली तर गाडी हलवायची नाही."

नवऱ्याने निघताना परत एकदा माझ्याकडे संशयाने पाहिलं. पण तिने ठरवलं होतं. मी घरी आले.

काय दिवस होते ते! मुंगी बेडकासारखे पाय दुमडून बसायची, एक मोजा हमखास काढून टाकायची आणि बिस्किटाचा लगदा माझ्या फटीत भरायची. तो वास माझ्या अंगाला अजून आहे. शेजारीपाजारी सांगायचे, "अहो, तोंड पुढे करा की पोरीचं, बिचारीला काही दिसत नाही. फिरतीच तर आहे!" तिला आतून वाटायचंही, की एका हाताच्या गिरकीचं तर काम आहे. पण मुंगीच्या कोवळ्या मानेकडे बघायची आणि म्हणायची, "फिरते म्हणून फिरवलीच पाहिजे असं थोडंच आहे?" मुंगीला आई दिसत होती शेजारी बसलेली. तिला रस्ता काय करायचा होता?

आता मुख्य गोष्ट. जीव लावणाऱ्या माणसाला एक खोड असते, काहीतरी केल्याशिवाय राहवत नाही. उन्हाने माझं अंग तापतं, मुंगीला घाम येतो, असं तिच्या मनाने घेतलं. मग गणवेशांच्या उरलेल्या निळ्या कापडाची तिने मला गादी शिवली. आत कापूस, वर चौकटीची टीप, मागे बांधायला बंद आणि चारही बाजूंनी झालर. अशी देखणी झालर की सासूबाईसुद्धा म्हणाल्या, "लग्नात नवरीला नसते अशी!"

मी फुलून गेले. मला कुणी कधी नटवलं नव्हतं. पण त्या झालरीखाली माझी खिडकी झाकली गेली, आणि गादीचा एक बंद लोंबत माझ्या चकतीच्या फटीत शिरला. मला कळत होतं. सांगणार कशी? मला बोलता येतं ते एकच, टक्. आणि तेच नेमकं अडलं होतं.

त्या दिवशी गणवेशांचे गठ्ठे पोचवायचे होते. सगळे घाईत. तिने मुंगीला बसवलं, मला सरळ केलं.

"वाजलं का गं?" नवऱ्याने पुढून विचारलं.

"वाजलं असेल. मशीनच्या खडखडाटाने माझे कान गेलेत," ती म्हणाली. झालर सारखी केली आणि गठ्ठा मांडीवर घेतला.

वळणावर एक कुत्रं आडवं आलं. करकचून ब्रेक लागला. आणि मी, जिने घट्ट उभं राहायचं होतं ती मी, गर्रकन दाराकडे फिरले. मुंगीसकट. कुठे आदळलं नाही, काही लागलं नाही. पट्ट्याने तिला धरून ठेवलं. मुंगी तर खिदळली, तिला वाटलं खेळ चाललाय. पण तिच्या आईचा चेहरा मी पाहिला. पांढरा फटक. गठ्ठा पायाशी सांडलेला, आणि दोन्ही हातांनी मला असं धरलेलं, की जणू मी अजून फिरतेच आहे.

घरी आल्यावर माझी धिंड निघाली म्हणा ना.

"सांगत होतो की नाही? फिरतं ते सैल होतंच!" नवरा म्हणाला. "उद्याच्या उद्या परत."

"मांडीसारखं दुसरं काही नाही," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. त्याही घाबरल्या होत्या बिचाऱ्या.

तिने मुंगीला सासूबाईंकडे दिलं, मला शिवणाच्या कोपऱ्यात आणवलं आणि माझ्यासमोर फतकल मारून बसली. मला फिरवलं. सरळ केलं. शांत. पुन्हा फिरवलं. पुन्हा शांत. मग काय मनात आलं कुणास ठाऊक, तिने गादीचे बंद सोडले. एक बंद सुटेना. ओढला तसा फटीतून निघाला, चुरगळलेला, काळा पडलेला. तिने गादी बाजूला ठेवली आणि मला सरळ केलं.

टक्.

खिडकी हिरवी झाली.

तिला गप्प राहता आलं असतं. सगळ्यांनी दोष माझ्यावर टाकलाच होता. मी परत गेले असते आणि झालरीचं कुणालाच कळलं नसतं. पण तिने हाक मारली, "अहो, इकडे या. आई, तुम्ही पण या."

दोघं आले. तिने तो बंद पुढे धरला. "सीट सैल नाही झाली. माझी झालर नडली. खिडकी मीच झाकली, आणि वाजलं नव्हतं तरी वाजलं असेल म्हटलं."

नवऱ्याने वाकून फट पाहिली, मला चार वेळा फिरवलं, चार वेळा कान लावला. पंख्याला लावतो तसाच. मग खाकरून म्हणाला, "बरोबर आहे. पात्यात दोरा अडकला तर पंखा तरी काय करील?"

"म्हणजे ही राहणार?" सासूबाईंनी विचारलं.

"राहणार," ती म्हणाली. "पण हिला तिचं काम करू द्यायचं. मी मध्ये मध्ये लुडबुड करणार नाही." आणि तिथल्या तिथे तिने ती गादी उसवली. एकेक टीप. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि हात काही थांबत नव्हते.

त्या दिवसापासून घरात एक शिरस्ता पडला. मला सरळ करताना गाडीत सगळ्यांनी गप्प बसायचं. फोन बंद, गप्पा बंद. मग ती विचारायची, "वाजलं?" खिडकी बघणारा म्हणायचा, "हिरवी!" आणि सगळे मिळून, "वाजलं!" सासूबाई तर एवढ्या मोठ्याने म्हणायच्या की रस्त्यावरची माणसं वळून बघायची. मुंगी बोलायला लागली तेव्हा आई, आजीच्या मागोमाग तिला आलेला शब्द तोच. "वादलं!"

दिवस कसे गेले, कळलं नाही. मुंगीचे खांदे वर सरकले. मग तिचं तोंड पुढे झालं. मग डोकं माझ्या पाठीच्या वर डोकावायला लागलं. तिच्यासाठी दुसरी, उंच बैठक आली आणि मी या कोपऱ्यात आले. मशीनची घरघर ऐकत मी मजेत होते. माझ्यावर कापडाचे तागे ठेवायचे, कधी मांजर झोपायचं.

आणि काल नणंदेचा फोन आला. तिला दिवस गेलेत. "वहिनी, मुंगीची ती फिरती सीट आहे ना अजून? मला द्या की. तिच्यात मुंगी कशी ऐटीत बसायची!"

"देऊन टाक," सासूबाई म्हणाल्या. "ठणठणीत आहे. माझ्या लेकीच्या लेकराला होईल."

माझ्या मनात केवढी आशा उभी राहिली म्हणून सांगू! पुन्हा बिस्किटाचा लगदा, पुन्हा एकच मोजा.

तिने मला पुढे ओढलं, उलटं केलं आणि बुडाशी कोरलेलं साल बोटाने वाचलं. तोवरच मला वापरायचं असतं. ते साल कधीच उलटून गेलं होतं. मग तिने माझा पट्टा अंगठा आणि बोटामध्ये धरून चोळला, दुकानात कापड पारखते तसा. उन्हाने कडक झालेला, कडेला सूत विरलेलं.

"आई, हिच्यात आता दम नाही," ती म्हणाली.

"इतकं काय? थोडे दिवस चालेल की."

"वाजलं असेल, असंही मी एकदा म्हटलं होतं."

ती उठली आणि तिची मोठी कात्री घेऊन आली. ती कात्री म्हणजे तिचा जीव. कागदाला लावू देत नाही, दोऱ्याच्या रिळालासुद्धा नाही. मुंगीने एकदा पुठ्ठा कापला तर ही दिवसभर तिच्याशी बोलली नव्हती.

"अगं, कापडाची कात्री ती! धार जाईल," नवरा दारातून ओरडला.

"जाऊ दे. धार लावून आणता येते," ती म्हणाली. "ही अशीच बाहेर ठेवली तर कुणीतरी उचलून नेईल. चांगली दिसते म्हणून आपलं मूल बसवील."

आणि तिने माझे पट्टे कापले. एक, मग दुसरा. जाड होते, दोन्ही हातांचा जोर लावावा लागला. मला दुखलं नाही. कमरेचा पट्टा कापताना तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, मुंगीला थोपटायची तसा. नणंदेला फोन करून म्हणाली, "ही नाही देत. आपण दोघी जाऊ दुकानात. तुमची गाडी घेऊन या, बाळ झालं की बाळालाही घेऊ. मी टेप आणते."

उद्या भंगार नेणारा गाडी घेऊन येईल. माझं एकच मागणं आहे. माझ्यासारखी एखादी घरी आणाल तर नटवू नका, घाई करू नका. आमच्या पोटात एकच शब्द असतो, तो ऐकून घ्या.

आत्ताच मुंगी शाळेतून आली. दप्तर टाकलं आणि मला पाहून थबकली. मग हसत हसत माझ्यात शिरली. गुडघे हनुवटीला लागले, कोपरं बाहेर. कापलेले पट्टे तिने उगाच खांद्यावर घेतले, पायाने जमीन ढकलून एक गिरकी घेतली आणि सरळ झाली.

टक्.

मशीनची घरघर थांबली. मान वर न करता, टीप तशीच बोटाखाली धरून, ती म्हणाली, "वाजलं?"

"वाजलं, आई," मुंगी म्हणाली.