साबण न लागलेला खल

मी खल. अंकोल्याजवळच्या डोंगराच्या पायथ्याशी, होन्नक्काच्या पडवीत, चुलीपासून चार पावलांवर माझी जागा आहे. दिसायला साधा काळा दगड, मधोमध खड्डा, बस्स. पण आमच्या हालक्की आदिवासींच्या वाडीत कुणालाही विचारा, पोटात कळ आली की माणसं देवाच्याही आधी माझी आठवण काढतात. स्वतःची तारीफ स्वतः करू नये हे मलाही कळतं. पण माझा बत्ता नुसता आदळायलाच शिकला आहे, त्याच्याकडून चार शब्दांची आशा नाही.

पाथरवटानं मला मिरी कुटण्यासाठी घडवलं होतं. होन्नक्काचे वडील बुदू गौडा यांनी बाजारात मला बोटानं टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "हा मसाल्याचा नव्हे, हा औषधाचा." त्या दिवसापासून माझ्या पोटात कधी कालवणाचं वाटण पडलं नाही. बुदू गौडांना मुलगा नव्हता. शेवटच्या दुखण्यात त्यांनी होन्नक्काच्या कानात एकेक पाला सांगितला आणि मला तिच्या हवाली केलं. तिनं मला डोक्यावर घेऊन दोन डोंगर ओलांडले आणि सासरी आणलं. वाटेत एकदाही खाली ठेवलं नाही.

माझ्या आवाजावरून वाडीला सगळं कळायचं. खणखण वाजलं की सुंठ, म्हणजे कुणाचं तरी पोट फुगलंय. थपथप आलं की निर्गुंडीचा पाला, म्हणजे कुणाचा तरी गुडघा धरलाय. आणि माणूस येऊनही आवाज आला नाही तर समजायचं, होन्नक्कानं त्याला दवाखान्यात पिटाळलं. छातीतली कळ, चढता ताप याला ती हात लावत नसे. "हे माझ्या खलात मावायचं नाही, ऊठ, गाडी बघ," म्हणायची. आपली मर्यादा ओळखणाऱ्या बाईच्या हाताखाली मी राबलो, याचा मला अभिमान आहे.

शेजारचा तिम्मण्णा तर महिन्यातून दोनदा ठरलेला.

"होन्नक्का, पोटाचा नगारा झालाय बघ."

"काल बारशाला किती बांगडे हाणलेस?"

"मोजले नाहीत गं."

"पोटानं मोजलेत. बस तिथं, आणि नारळ ठेव आधी."

नारळ आणि विड्याचं पान, एवढंच आमचं मोल. पैसा घ्यायचा नाही आणि फुकटही द्यायचं नाही. फुकटचं औषध लागू पडत नाही, असा आमच्याकडचा नेम. दुसरा नेम याहून कडक. सुंठ, ओवा, निर्गुंडी सगळ्यांना ठाऊक असतात, त्यांचं काही नाही. पण पोटातल्या मुरड्यावरचा एक पाला असा होता, की त्याचं नाव उच्चारलं की त्याचा गुण जातो. होन्नक्का तो पहाटे एकटीच जाऊन आणायची, ओच्यात झाकून, आणि दाराकडे पाठ करून कुटायची. नाव सांगायचं ते फक्त जगातून जाताना, एकाच्याच कानात. तिनं तो कान मनाशी ठरवून टाकला होता: गोव्यात हॉटेलात काम करणारा तिचा मुलगा हम्मू.

घरात लहानग्या नातीखेरीज आणखी दोन कान होते, हम्मूच्या बायकोचे, मंगाळीचे. पण सुनेचे कान कोण मोजतो?

मंगाळी नवी नवरी होऊन आली, त्याच आठवड्यात तिनं मला साबणाचा चुरा लावायला घेतला. होन्नक्का अशी ओरडली की कोंबड्या छपरावर गेल्या. "साबण? माझ्या खलाला? गरम पाण्यानं विसळायचा, उन्हात पालथा घालायचा. माझ्या बापाचा वास आहे त्याच्यात!" मंगाळीनं चुरा टाकून दिला. त्यानंतर अकरा वर्षं तिनं मला रोज विसळलं. आणि रोज, पालथा घालण्याआधी, ती मला क्षणभर नाकाशी धरायची. होन्नक्काला हे ठाऊक नव्हतं. मला होतं.

गेल्या उन्हाळ्यात लाकडं आणताना होन्नक्का उतारावर घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर चढलं आणि मी मुका झालो. माणसं यायची, नारळ हातात तसाच घेऊन परत जायची. हम्मू दोन दिवसांसाठी आला तेव्हा तिनं त्याला जवळ बसवलं. "तुला एक पाला दाखवायचाय. उद्या पहाटे माझ्याबरोबर चल."

"आई, दुकानात गोळी मिळते गं," हम्मू मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला. "आणि पहाटे माझी बस आहे."

 त्या दिवशी होन्नक्कानं पेजही घेतली नाही. मला फार वाईट वाटलं. बुदू गौडांपासून चालत आलेली गोष्ट माझ्या पोटातच संपणार, हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

पंधरा दिवसांनी बरका फणस पिकला. होन्नक्कानं विशीतल्यासारखा अर्धा फणस फस्त केला आणि दुपारी चटईवर आडवी पडून पोट धरलं. मुरडा! ओवा घेतला, काही झालं नाही. मंगाळी जवळ बसली.

"आत्याबाई, त्या पाल्याचं नाव सांगा. मी आणते."

"जीव गेला तरी नाही."

"मग रिक्षा बोलावते, दवाखान्यात जाऊ."

"फणस खाऊन दवाखान्यात? सगळी वाडी हसेल!"

मंगाळी उठली. तिम्मण्णाला हाक मारून म्हणाली, "भाऊ, रिक्षा तयार ठेव. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर उचलून नेऊ, ओरडल्या तरी." मग तिनं मला दोन्ही हातांनी उचललं, नाकाशी धरलं, डोळे मिटले. आणि मला खाली ठेवून तरातरा डोंगर चढून गेली. लाकडांना जाता-येता तिनं किती पानं चुरगळून हुंगली असतील, ते तीच जाणे.

ती आली ती ओचा भरून. पाला माझ्यात पडला आणि मी त्याला ओळखलं. तोच! बत्ता वाजू लागला. चटईवर होन्नक्काचं कण्हणं थांबलं. ती आवाज ऐकत होती.

"तळाशी घाव घालू नकोस," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "कडेनं फिरव. हां. आता मीठ."

रसाची वाटी पुढे आली तेव्हा तिनं वास घेतला आणि सुनेच्या तोंडाकडे रोखून पाहिलं. "नाव कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला नाव ठाऊकच नाही, आत्याबाई. वास ठाऊक आहे."

होन्नक्कानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग वाटी तोंडाला लावली.

दिवेलागणीला तिला उतार पडला आणि तिम्मण्णानं बोलावलेली रिक्षा रिकामीच परत गेली. सकाळी मंगाळी चूल पेटवत होती, तेव्हा होन्नक्का पडवीत आली. डाव्या हातात नारळ, नारळावर विड्याचं पान. ते तिनं माझ्याशेजारी, सुनेच्या पुढ्यात ठेवलं.

"हे काय, आत्याबाई? घरच्या माणसाकडून..."

"फुकटचं औषध लागू पडत नाही," होन्नक्का म्हणाली. "घे."

मंगाळीनं नारळ घेतला, कपाळाला लावला, आणि चुलीच्या धुराचं निमित्त करून खूप वेळ डोळे पुसत राहिली.

आता होन्नक्काचं मनगट जुळलं आहे, पण बत्ता तिनं परत हातात घेतला नाही. ती चटईवरून आवाज ऐकते आणि चुका काढते. तो पाला कोणता, ते मीही सांगणार नाही. नेम म्हणजे नेम. मंगाळीची मुलगी आता सात वर्षांची आहे आणि परवापासून मला विसळायचं काम तिच्याकडे आलं आहे. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. कधी या घरी आलात, भांडी घासायला हातभार लावावासा वाटला, तर खुशाल लावा. पण मला साबण लावू नका. पोरीला अजून बरंच शिकायचं आहे.